सुळा वाचला

रूट कॅनल करू नका, असं सांगायला मी हे लिहीत नाही. आमच्या गावातले दोन जण माझं तोंड पाहून दाताच्या डॉक्टरकडे जायचे थांबले, आणि त्यातल्या एकाचा जबडा पुढे पिकला. त्याचं पाप माझ्या डोक्यावर नको. दात किडला तर डॉक्टरकडे जा. बहुतेकांना दोन-तीन दिवस ठणकतं, मग थांबतं, आणि नंतर तो दात त्यांना आठवतही नाही. माझं तसं झालं नाही. का झालं नाही, हे कळायला मला चार महिने लागले. ते समजावून सांगणाऱ्या नागपूरच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "जमेल तसं लिहून काढा. या खुर्चीत रोज कुणीतरी बसतं, आणि कोणालाच काही विचारायचं सुचत नाही."

मी सिद्धार्थ. रिसोडजवळच्या एका खेड्यात राहतो, वय सत्तेचाळीस. लग्नसराईत बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचो, बाकीच्या दिवसांत रिसोडच्या बाजारात धान्याच्या काट्यावर असायचो. सव्वीस वर्षं वाजवलं. 'वाजवायचो' असं लिहिताना अजूनही हात थांबतो.

आमच्या घरात वाद्य येणं सोपं नव्हतं. माझे पणजोबा गावातल्या प्रत्येक वरातीपुढे वाजवत. त्यांना कोणी विचारत नसे, नुसतं बोलावणं यायचं, आणि वाजवून झाल्यावर उरलंसुरलं बांधून घेऊन परत यायचं. दीक्षा घेतल्यावर आजोबांनी ते सगळं टाकलं. माझे वडील शाळेत शिपाई झाले आणि वाद्य हा शब्दसुद्धा त्यांना घरात नको होता. मी बँडवाल्या रफिक मास्तरांकडे ट्रम्पेट शिकायला जातो, हे कळलं तेव्हा ते म्हणाले होते, "आपल्या लोकायनं मोठ्या मुश्किलीनं सोडलं हे. तुले कायले पायजे?" मी म्हटलं होतं, मी कागदावरचे सूर वाचून वाजवतो, कोट घालून वाजवतो, कोणाच्या बोलावण्याची वाट पाहत नाही.  पण मी घरात सराव सुरू केला की बाबा उठून विहारात जाऊन बसत. सव्वीस वर्षं त्यांनी माझं वाजवणं ऐकलं नाही.

*

दुखायला लागला तो वरच्या डाव्या बाजूचा सुळा. लहानपणी बैलगाडीच्या जूवर तोंड आपटलं होतं, तेव्हापासून तो जरा काळपट होता. दिवाळीनंतर हिरडीवर एक पुटकुळी आली, फुटली, परत आली. सुनंदा, म्हणजे माझी बायको, लवंग भरून द्यायची. सीझन तोंडावर होता. ट्रम्पेटची फुंकणी ओठावर दाबली की बरोबर त्या सुळ्यावर जोर येई आणि डोळ्यात पाणी उभं राही. तसंच चार लग्नं वाजवली.

चौथ्या लग्नात मी एक सूर अर्ध्यात सोडला. रफिक मास्तरांनी ते ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी मला बाजूला घेतलं.

"सिद्धू, किती दिवस झाले दुखून राह्यलं?"

"महिना झाला असंन."

"अरे, तोंडावर आपली रोटी हाय. उद्याच जा. मी पंधरा दिवस दुसरा माणूस लावतो."

मी दुसऱ्याच दिवशी गेलो. ते नंतर शंभर वेळा म्हणाले, मी तुला पाठवायला नको होतं. त्यांचा त्यात काहीच दोष नाही. दाताला डॉक्टर हवाच होता.

रिसोडमध्ये एका तरुण डॉक्टरनं नुकताच दवाखाना टाकला होता. बोलका माणूस. एक्स-रे काढला, मूळ सडलंय म्हणाला, दात काढायची गरज नाही, रूट कॅनल करून वाचवू. पहिल्या दिवशी सुन्न केलं, दाताला भोक पाडलं, आत घासलं, कापूस भरून घरी पाठवलं. दोन दिवस ठणकलं आणि थांबलं. मी मास्तरांना फोन करून सांगितलं, आठ दिवसांत येतो.

*

दुसऱ्या बैठकीचा दिवस मंगळवार होता, सकाळचे अकरा वाजले असतील. बाहेर बाकावर सात-आठ जण बसलेले. डॉक्टर म्हणाला, "आज इंजेक्शनची गरज नाही. आतली नस मेलेली आहे, काही कळणार नाही. फक्त धुऊन घेऊ."

धुऊन घेऊ म्हणाला म्हणून मला वाटलं, पाणी आहे. त्याच्या हातात साधी सिरिंज होती, पुढे बारीक सुई. वास आला तेव्हा मी ओळखला. गावच्या पाण्याच्या टाकीत ब्लीचिंग पावडर टाकतात तोच वास. माझ्या मनात आलं, विचारावं. तोंडात बोळे, आडवा पडलेलो, बाहेर माणसं. नाही विचारलं.

सुई आत गेली आणि अडकल्यासारखी झाली. त्यानं अंगठ्यानं जोर दिला.

आधी गरम लागलं. दातात नाही, गालाच्या आत, डोळ्याच्या खाली, कोणी उकळतं काहीतरी ओतल्यासारखं. मग वेदना आली. तिला मी काय म्हणू? माझ्या तोंडातून आवाज निघाला तो मला माझा वाटला नाही. पायानं बाजूचा ट्रे उडाला. डॉक्टरनं सिरिंज ओढून घेतली आणि दातातून रक्त यायला लागलं. थेंब थेंब नाही, धार. मी हात गालावर ठेवला तर गाल हाताखाली वर येत होता. दोन-तीन मिनिटांत डावा डोळा बंद झाला.

डॉक्टरचा चेहरा मला उजव्या डोळ्यानं दिसत होता. तो घाबरला होता. त्यानं दुसऱ्या पाण्यानं दात पुन्हा पुन्हा धुतला, इंजेक्शन दिलं, बर्फ लावला, मग बाजूच्या खोलीत जाऊन कुणालातरी फोन केला. "सर, बाहेर गेलं वाटतं," एवढं मला ऐकू आलं. परत आला आणि म्हणाला, "रिअॅक्शन आहे. होते कधीकधी. सूज उतरेल."

काय बाहेर गेलं, हे त्यानं सांगितलं नाही. मला विचारता आलं नाही, कारण तोंड उघडत नव्हतं.

घरी जीपनं आलो. शेजारची बाई पोराला घेऊन दुसऱ्या सीटवर जाऊन बसली. सुनंदा दारातच होती. हातातलं धान्याचं सूप तिनं खाली टाकलं.

"कोणी मारलं तुमाले?"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मला वाशीमच्या दवाखान्यात भरती केलं. गालापासून मानेपर्यंत कातडी काळीनिळी झाली होती. तिथे सहा दिवस काढले. सकाळी सहाला इंजेक्शन, आठला मोठे डॉक्टर, दुपारी पुन्हा इंजेक्शन, संध्याकाळी गरम पाण्याच्या पिशवीचा शेक. मधल्या वेळात छताकडे पाहायचं. दुखणं लाटांनी येत नव्हतं, म्हणजे जरा ओसरलं, जरा दम घेतला, असं काही नाही. ते होतंच. झोपेतून उठलो की माझ्याआधी जागं.

शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं पहिल्याच दिवशी विचारलं, "दारू पिऊन पडले काय बावा?" भेटायला आलेल्या एका नातेवाइकानं दारातूनच सुनंदाला विचारलं, काळी बुरशी तर नाही ना, आणि सफरचंदं बाकावर ठेवून निघून गेला. डॉक्टरांनी बुरशी नाही असं सांगितलं, पण ते गावापर्यंत पोचलं नाही. बुरशी मात्र पोचली होती.

सुनंदा पेज गाळून चमच्यानं पाजायची. चमचा डावीकडे लागला की पेज ओघळायची आणि मला कळायचं नाही. ती न बोलता पदरानं पुसायची. मी तिच्यावर ओरडायचो. ओरडायला तोंड उघडत नव्हतं, म्हणून दातओठ खाऊन, नाकातून. खाटेवरचा माणूस आपल्या बायकोवर असा गुरगुरतो, हे सगळा वॉर्ड पाहायचा.

एक सिस्टर होती, साधारण पन्नाशीची. तिचं नाव मी विचारलं नाही, याची आता लाज वाटते. तोंड धुवायच्या बेसिनवर आरसा होता. तिसऱ्या दिवशी मी तिथे गेलो तर आरशावर टॉवेल टांगलेला. मला वाटलं कुणीतरी वाळत टाकला. चौथ्या दिवशीही होता, पाचव्या दिवशीही. सहाव्या दिवशी, घरी जाताना, तिनं तो काढताना मी पाहिलं.

*

सूज उतरली, काळेपणा पिवळा होत गेला आणि महिन्याभरात चेहरा लांबून पाहणाऱ्याला बरा दिसायला लागला. तिथून खरं आजारपण सुरू झालं. बाकीच्यांसाठी मी बरा झालो होतो.

डाव्या नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतचा भाग आणि बाजूचा गाल बधिर होता. दाढी करताना वस्तरा लागला, रक्त बनियनवर पडलं तेव्हा कळलं. चहा कोपऱ्यातून सांडायचा. आणि जो भाग बधिर होता, त्याच्याच आत जळायचं. हे मी कुणालाच पटवून देऊ शकलो नाही. "काई समजत नाई म्हणता, अन् जयते म्हणता. दोन्ही कसं असंन?" सुनंदानं विचारलं. तिचं बरोबर होतं. मलाही पटत नव्हतं.

रफिक मास्तर माझं ट्रम्पेट घेऊन आले. ते बँडच्या खोलीतच राहिलं होतं. पुसून, तेल देऊन आणलं होतं.

"जरा पाहू दे आवाज," ते म्हणाले.

मी फुंकणी ओठावर ठेवली. उजव्या अर्ध्या ओठाला ती लागली, डाव्या अर्ध्याला काहीच नाही, जणू तिचा अर्धा भाग हवेत आहे. मी श्वास भरला आणि फुंकलं. हवा डाव्या कोपऱ्यातून फुरफुर करत निघून गेली. नळीतून काहीच आलं नाही. बोटानं कोपरा दाबून धरला आणि पुन्हा फुंकलं. एक घोगरा, फाटका आवाज आला. पहिल्याच दिवशी शिकायला आलेल्या पोरांचा येतो तसा.

मास्तर खाली पाहत होते. "सूज उतरू दे," ते म्हणाले.

सूज कधीच उतरली होती. त्यांना दिसत होतं, मला दिसत होतं. आयुष्यात कधी खोटं न बोललेला माणूस माझ्यासमोर खोटं बोलला, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की हे परत यायचं नाही.

*

त्या चार महिन्यांबद्दल मला थोडंच लिहिता येईल. काट्यावर गेलो नाही. ज्या दिवशी गावात लग्न असे, त्या दिवशी मी मागच्या खोलीत दार लावून बसायचो आणि तरी प्रत्येक सूर ऐकू यायचा. माझ्या जागी जो लावला होता तो वरच्या सुरावर घसरायचा. मला राग यायचा. मग मला बरं वाटायचं. मग त्या बरं वाटण्याची किळस यायची.

जगावंसं वाटत नव्हतं. हे मी इथे लिहितो, कारण हे वाचणाऱ्यात कुणी माझ्यासारखा असेल. मी कोणाला बोललो नव्हतो. पण एक दिवस पाहिलं तर गोळ्यांचा डबा जागेवर नव्हता. सुनंदानं तो तिच्या लोखंडी पेटीत कुलपात ठेवला होता. तिनं मला विचारलं नाही, मी तिला विचारलं नाही. वेळ झाली की ती दोन गोळ्या तळहातावर आणून द्यायची आणि मी पाणी पिईपर्यंत उभी राहायची.

एकदा मात्र ती फुटली. मी ताट सरकवून दिलं होतं.

"तुमचा ओठ गेला," ती म्हणाली. "ओठ गेला, मी गेली काय? चार महिन्यात एक शब्द नीट बोलले काय माह्यासंगं? तुमचं दुखणं दिसत नाई म्हणता. माह्यं दिसते काय कोणाले?"

मी ताट पुन्हा पुढे ओढलं. दुसऱ्या दिवशी तिनं नागपूरला जायचं म्हटलं, तेव्हा मी नाही म्हटलं नाही.

*

नागपूरला दातांच्या मोठ्या दवाखान्यात आम्हाला एका डॉक्टरबाईंकडे पाठवलं. केस पांढरे, आवाज बारीक. त्या म्हणाल्या, "डोळे मिटा. मी कापसानं स्पर्श करीन, मग टोचीन. कळलं की सांगा."

मी डोळे मिटून बसलो. कान टवकारले होते. त्या केव्हा सुरू करतात याची वाट पाहत होतो. बराच वेळ गेला. मला वाटलं, काही आणायला गेल्या असतील.

"उघडा डोळे," त्या म्हणाल्या. "झालं."

सुनंदा बाजूला उभी होती. तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला कळलं, बाईंनी काय काय केलं ते तिनं सगळं पाहिलंय.

मग बाईंनी एका कागदावर दाताचं चित्र काढलं. "मुळात केसाएवढी नळी असते," त्या म्हणाल्या. "ती नुसती घासून साफ होत नाही, कोपऱ्यात घाण राहते. म्हणून औषधानं धुतात. ते औषध किडीला मारतं आणि जिवंत मांसही जाळतं. नळीच्या आत राहिलं तर त्याच्यासारखं चांगलं औषध नाही. मुळाच्या टोकातून बाहेर गेलं तर असं होतं."

"बाहेर कसं जाते?" सुनंदानं विचारलं.

"सुई नळीत सैल हवी. वरखाली हलती राहिली तर औषध आलं तसं तोंडाकडे परत येतं. सुई अडकली आणि मागून जोर दिला, तर त्याला एकच वाट उरते." त्यांनी चित्रातल्या टोकावर पेन ठेवलं. "बाजूला भोक असलेली सुई असते, तिनं धोका कमी होतो. काही ठिकाणी खालून औषध ओढून घेणारं यंत्र असतं. काही जण कंपनानं धुतात. दाब जितका कमी, तितकं नंतरचं दुखणंही बहुतेक कमी. सगळं दुखणं धुण्यामुळेच असतं असं नाही, पण तुमचं त्यामुळे आहे."

त्यांनी रिसोडचा एक्स-रे उजेडात धरला. माझ्या सुळ्याच्या मुळाचं टोक जुन्या मारामुळे झिजून रुंद झालं होतं. दारच उघडं होतं म्हणा.

"हे आधी दिसलं असतं काय?" मी विचारलं.

त्या म्हणाल्या, "थांबून पाहिलं असतं तर, हो."

"ओठ परत येईल?"

"थोडा येईल. किती, ते मला सांगता येत नाही. वर्ष होईपर्यंत पाहू. वर्षानंतर जे आलं नाही, ते सहसा येत नाही."

"मी ट्रम्पेट वाजवतो, बाई."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. सगळे कागद पुन्हा चाळले. रिसोड, वाशीम, सगळीकडे कामाच्या रकान्यात एकच शब्द होता. मजूर. "हे कुणीच कसं लिहिलं नाही?" त्या म्हणाल्या, आणि स्वतःच्या कागदावर त्यांनी ते लिहिलं. त्यानं काही बदलणार नव्हतं. पण मला त्या दिवशी तेवढंच मिळालं.

*

नागपूरच्या बाईंना रिसोडच्या डॉक्टरकडून लेखी हवं होतं: कोणतं औषध, किती कडक, काय झालं. बँडमधले चौघे निघाले होते. "काच एक ठेवत नाई," असं म्हणत होते. मी त्यांना थांबवलं आणि एकटा गेलो.

मला पाहून डॉक्टर उभा राहिला. बाकावरच्या माणसांना त्यानं उद्या यायला सांगितलं आणि दार लोटलं. मी मनात वाक्यं जुळवून गेलो होतो. एकही आठवलं नाही.

"ती सुई दाखव मले," मी म्हटलं.

त्यानं ड्रॉवरमधून पाकीट काढून एक नवी सुई माझ्या हातावर ठेवली. शिलाईच्या सुईपेक्षा बारीक. मी ती बराच वेळ पाहिली.

"अडकली होती," तो म्हणाला. मी विचारलं नव्हतं. "मला जाणवलं होतं. थोडी मागे घ्यायला हवी होती. बाहेर आठ पेशंट होते. मी दाबली."

"अन् रिअॅक्शन म्हणून काहून सांगतलं?"

 तो रडायला लागला. माझ्या डोळ्यांतून काही आलं नाही. मला त्याची दया आली नाही, रागही आला नाही. वाटलं, हा पोरगा रडून मोकळा होईल, माझं काय?

त्यानं सगळं लिहून दिलं, खाली सही केली. "तुम्ही तक्रार करा," तो म्हणाला, "मी नाही म्हणणार नाही." लोक विचारतात म्हणून सांगतो, तक्रार केली आहे. तिचं जे व्हायचं ते होईल.

*

नागपूरच्या बाईंनी जळण्यासाठी गोळी दिली. तिनं झोप येते, तोल जातो, पण आग निम्म्यावर आली. सुळ्याचं उरलेलं काम त्यांनीच पुरं केलं. सुळा वाचला. आज तो माझ्या तोंडातला सगळ्यात मजबूत दात आहे. ओठाचा कोपरा थोडा परत आला, चहा सांडत नाही. गालाचं आणि नाकपुडीच्या खालचं वर्ष उलटलं तरी आलं नाही. बाईंनी पुन्हा डोळे मिटायला लावले, आणि या वेळी मी त्यांनी सांगायच्या आधीच उघडले.

त्याच आठवड्यात एका दुपारी बाबा माझ्या खोलीत आले. आता एकोणऐंशीचे आहेत, काठी लागते. त्यांनी कोपऱ्यातली ट्रम्पेटची पेटी स्वतः उचलून माझ्यासमोर ठेवली.

"वाजव."

"येत नाई बाबा आता."

"मले माहीत आहे येत नाई. वाजव."

मी वाजवलं. म्हणजे फुंकलं. हवा निघाली, मधूनच एखादा फाटका सूर. ते खाटेच्या काठावर बसून मान खाली घालून ऐकत होते. मी थांबलो.

"लय उशीर केला म्या," ते म्हणाले, आणि काठी शोधायला लागले.

मी ट्रम्पेट मास्तरांना देऊन टाकलं. काट्यावर पुन्हा जातो.

*

या पावसाळ्यात खालची उजवी दाढ दुखायला लागली. आत सडली होती. एक तर काढायची किंवा रूट कॅनल. मी काढा म्हटलं. नागपूरच्या बाई म्हणाल्या, "काढायला हरकत नाही. पण घाबरून काढू नका."  मी खुर्चीत बसलो.

बाईंनी माझा उजवा हात सुनंदाला धरायला सांगितला. त्यांनी प्रत्येक गोष्ट करायच्या आधी सांगितली. आता सुई आत. आता अडकत नाहीये ना ते पाहते. आता धुते, हळू. जळलं तर डावा हात वर करा, मी त्याच क्षणी थांबेन. सुईच्या बाजूला भोक होतं, ते त्यांनी मला आधी दाखवलं होतं. औषधाचा तोच वास आला आणि माझं सगळं अंग आखडलं. बाई थांबल्या. मी मान हलवल्यावर पुन्हा सुरू केलं. थेंब थेंब, वरखाली, वरखाली. त्यांची एक विद्यार्थिनी बाजूनं नळीनं सगळं ओढून घेत होती. मला फक्त ओलं लागलं.

घरी आलो आणि वाट पाहत बसलो. संध्याकाळी ठणका सुरू झाला. एक गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी चावताना दुखलं. तिसऱ्या दिवशी सकाळी सुनंदानं भाकरी दिली, मी नेहमीसारखी उजव्या बाजूनं चावली, आणि अर्धी भाकरी खाऊन झाल्यावर लक्षात आलं की दुखत नाहीये. काहीच दुखत नाहीये. दाढ जणू कधी दुखलीच नव्हती.

मी भाकरी खाली ठेवली आणि रडायला लागलो. दवाखान्यात रडलो नव्हतो, त्या डॉक्टरपुढे नाही, बाबांपुढे नाही. आता थांबेचना. सुनंदा चुलीपुढून धावत आली.

"दुखून राह्यलं काय?"

"नाई."

"मंग रडता काहून?"

मला नीट बोलता येत नव्हतं. तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. डावीकडचा हात मला कळला नाही.

"इतकंच असते ते, सुनंदा," मी म्हटलं. "दोन दिवसाचं. इतकंच होतं."